लोणारची काच, दोन किरणांखाली

दर्यापूर तालुक्यातली काळी माती आणि लोणारच्या विवराकाठी सापडणारे काचेचे कण या दोन्हींचा मूळ खडक एकच आहे. तो म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, भूवैज्ञानिकांच्या भाषेत बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि त्यांतून हा पाषाण घडला. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढुरक्या, लांबट पट्ट्यांसारखे स्फटिक दिसतात. हे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये त्याचा जो प्रकार जास्त आढळतो त्याला लॅब्रॅडोराइट म्हणतात. सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन या पाच मूलद्रव्यांत त्याची सगळी हकीकत संपते.

वऱ्हाडात या एकाच खनिजाचा नाश दोन तऱ्हांनी झाला. दर्यापूरकडे पाण्याने तो हजारो वर्षं घेत हळूहळू केला. लोणारला आकाशातून आलेल्या एका दगडाने तो डोळ्याचं पातं लवण्याच्या आत उरकला. पाण्याने खनिजातली मूलद्रव्यं काढून नेली. धडकेने एकही मूलद्रव्य नेलं नाही, फक्त त्यांची मांडणी मोडली. खनिज तपासायला इलेक्ट्रॉनचा किरण आणि लेझरचा किरण यांची जोडी का लागते, हे समजायला याहून सोयीचं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी दर्यापूर. चंद्रभागा इथून जाऊन पूर्णेला मिळते, आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणली तर पाणी खारं लागतं, आणि ते पाणी पिकाला दिलं तर जमीन आणखी बिघडते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. या मातीचा मुख्य घटक स्मेक्टाइट नावाची चिकणमाती. पाण्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बेसॉल्टमधलं प्लॅजिओक्लेज झिजूनच ती तयार झाली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यातल्या जमिनींचा अभ्यास करून त्या बिघडण्याचं कारण मांडलं, तेही कॅल्शियमपाशीच येऊन थांबतं. पाऊस कमी आणि ऊन जास्त असलं की मातीतल्या द्रावणातलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतं. चिकणमातीच्या कणांना धरून ठेवणारं कॅल्शियम असं निघून गेलं की त्याची जागा सोडियम घेतं. मग कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. जिप्समचा सल्ला दिला जातो तो कॅल्शियम परत द्यावं म्हणून.

या कथेत सगळा बदल मूलद्रव्यांचा आहे. कोण आलं, कोण गेलं, एवढंच विचारायचं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नेमका याच प्रश्नात तरबेज असतो.

लोणारची गोष्ट वेगळी. दर्यापूरहून नैर्ऋत्येला सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर बेसॉल्टच्या पठारात १८३० मीटर व्यासाचा आणि सुमारे १५० मीटर खोल असा गोल खड्डा आहे. त्याच्या तळाशी खारं सरोवर. लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचं देऊळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढची दीडशे वर्षं वाद चालला तो हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा यावर. सभोवती सगळा लाव्हाच, त्यामुळे ज्वालामुखी म्हणणाऱ्यांची बाजू वरकरणी बळकट होती. १९७३ साली कर्ट फ्रेडरिक्सन, ए. दुबे, डॅनियल मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पुरावा मांडला. सरोवराच्या तळाला भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत चुरडलेला खडक होता, धडकेचे व्रण असलेले तुकडे होते, चंद्रावरून आणलेल्या कणांशी जुळणारे काचेचे बारीक गोळे होते. आणि मॅस्केलिनाइट होतं.

हे नाव पहिल्यांदा बिहारमुळे पुढे आलं. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यातल्या शेरघाटीजवळ एक उल्का पडली. व्हिएन्नाच्या गुस्टाव्ह चेर्माकने १८७२ साली तिचा पातळ काप तपासला, तेव्हा त्याला एक विचित्र खनिज आढळलं. घटक प्लॅजिओक्लेजचे, बाहेरचा आकार प्लॅजिओक्लेजच्या स्फटिकाचा, पण आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये धरलं की ठार काळं. स्फटिक असता तर कुठल्या तरी कोनात उजळला असता. सगळ्या कोनांत काळी राहते ती काच. त्याने या खनिजाला ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ स्टोरी-मॅस्केलिन यांचं नाव दिलं. शेरघाटीची ती उल्का मंगळावरून आली होती, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

काच म्हटल्यावर आपल्याला वाटतं, दगड वितळला आणि गोठला. मॅस्केलिनाइटचं तसं नाही. वितळलेला दगड वाहतो, आकार सोडतो, शेजारच्या खनिजात मिसळतो. हा कण मात्र आपल्या जागी, आपल्या चौकटीत तसाच बसलेला असतो. २० ते ४० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन ते चार लाख पट दाबाची लाट त्यातून गेलेली असते. १९७६ साली सुसान कीफर आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या बेसॉल्टची धडकेच्या तीव्रतेनुसार वर्गवारी लावली, त्यात दुसऱ्या वर्गाची ओळख हीच: प्लॅजिओक्लेजच्या जागी मॅस्केलिनाइट. वरच्या वर्गांत मग खरंच वितळलेली, वाहिलेली, फेसाळलेली काच येते.

आता हा कण इलेक्ट्रॉनखाली ठेवू. १५ हजार व्होल्टने ढकललेला इलेक्ट्रॉनचा बारीक झोत नमुन्यावर पडतो तेव्हा दोन गोष्टी आपल्या कामाच्या. काही इलेक्ट्रॉन आदळून माघारी फिरतात, आणि जड अणू असलेल्या जागी जास्त फिरतात, म्हणून चित्रात लोहयुक्त खनिज पांढरं आणि फेल्डस्पार करडा दिसतो. दुसरं म्हणजे अणूंमधून क्ष-किरण बाहेर पडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणाची ऊर्जा ठरलेली असल्यामुळे त्या कणात सोडियम किती, कॅल्शियम किती हे टक्क्यांत मोजता येतं. हे यंत्र रेमों कास्तँ याने आपल्या १९५१ च्या पॅरिसमधल्या प्रबंधातून जगासमोर ठेवलं. चंद्रावरच्या खडकांपासून आपल्या मातीपर्यंत सगळ्यांची मूलद्रव्यं मोजताना आजही तेच तत्त्व वापरतात.

पण लोणारच्या कापात धडकेतून वाचलेलं लॅब्रॅडोराइट आणि शेजारचं मॅस्केलिनाइट या यंत्राला सारखंच दिसतं. करडेपणा तोच, टक्केवारीही तीच. फार तर जाणकाराच्या नजरेला एवढं खुपेल की एका कणात भेगा आहेत आणि दुसरा संशयास्पद गुळगुळीत आहे. शाळेच्या मैदानावर कवायतीला रांगेत उभी असलेली मुलं आणि मधल्या सुट्टीत सैरावैरा पळणारी मुलं, हजेरीपटात दोन्ही वेळी नावं तीच असतात. क्ष-किरणांचा वर्णपट हा असा हजेरीपट आहे.

रांग आहे की पळापळ, हे प्रकाशाला कळतं. त्याचं कारण अणूंमधल्या बंधांच्या कंपनात आहे. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की बहुतेक सगळा त्याच रंगात विखुरतो. पण साधारण कोटीत एखादा प्रकाशकण (फोटॉन) बंधाला थोडी ऊर्जा देऊन, म्हणजे किंचित तांबड्याकडे सरकून परततो. ही सरक किती, ते त्या बंधावर आणि त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह हेच टिपलं. अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० च्या सुमारास हेच रामन काही काळ नागपुरात होते. वऱ्हाड १९०३ पासून त्याच नागपूरच्या कारभाराखाली आलेलं. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण विदर्भातल्या माणसाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

रामन यांच्याकडे सूर्यप्रकाश होता आणि पाऱ्याचा दिवा होता. कोटीतला एक कण पकडायचा तर मूळ झोत तीव्र आणि निखळ एकरंगी हवा, आणि तसा झोत १९६० साली लेझर आल्यावरच हाती लागला. १९७५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लीलच्या प्रयोगशाळेत देलाय आणि दामलँकूर यांनी लेझर सूक्ष्मदर्शकातून खाली सोडून एका बारीक कणाचा रामन वर्णपट काढायची सोय केली. तेव्हापासून खनिजशास्त्रज्ञाला लेझरची गोडी लागली ती लागलीच. लॅब्रॅडोराइटवर हिरवा लेझर धरला की ५१० प्रति सेंटिमीटर सरकेच्या आसपास टोकदार शिखर उभं राहतं. मॅस्केलिनाइटवर धरला की त्याच भागात बसका, रुंद उंचवटा येतो. प्रत्येक बंध थोड्या वेगळ्या कोनात, थोड्या वेगळ्या लांबीचा, म्हणून शिखर पसरतं.

इलेक्ट्रॉनवाले इथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. मांडणी इलेक्ट्रॉनलाही कळते. पारगामी सूक्ष्मदर्शकात स्फटिक ठिपक्यांची जाळी उमटवतो, काच धूसर कडं उमटवते. पृष्ठभागावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या पट्ट्यांवरूनही स्फटिकाची दिशा काढता येते. पण पहिल्यासाठी नमुना एक दशांश मायक्रॉनइतका पातळ करावा लागतो. दुसऱ्यात नमुना ७० अंश तिरका धरून अतिशय स्वच्छ पॉलिश लागते, आणि पट्ट्या दिसल्या नाहीत तर काच आहे की पॉलिश वाईट आहे हा संशय उरतो. रामनमध्ये काचेचा उंचवटा दिसतो, म्हणजे पुरावा होकारार्थी मिळतो. माझा कौल इथे लेझरच्या बाजूने आहे.

प्रश्न उरतो दोन्ही किरण एकाच जागी आणायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. लोणारच्या कापातला कण काही दशांश मिलिमीटर लांब. त्यातला हवा तो बिंदू एका यंत्रात पाहायचा, नमुना काढायचा, दुसऱ्या इमारतीतल्या दुसऱ्या यंत्रात ठेवायचा आणि तोच बिंदू पुन्हा शोधायचा. साध्या प्रकाशात आणि इलेक्ट्रॉनमध्ये एकच पृष्ठभाग ओळखू येणार नाही इतका वेगळा दिसतो. म्हणून कापावर ओरखडे काढतात, तांब्याची जाळी चिकटवतात, नकाशे जुळवतात. गंमत अशी की १५ हजार व्होल्टला फेल्डस्पारमधून क्ष-किरण येतात ते साधारण दोन-तीन मायक्रॉनच्या गोळ्यातून, आणि लेझरचा ठिपका असतो मायक्रॉनभर. दोघांचा घास जवळपास सारखा. एक बिंदू दोघांनी वाचावा, याला निसर्गाची हरकत नाही. अडचण सगळी यंत्राच्या बांधणीत आहे.

ती दोन तऱ्हांनी सोडवली गेली. एक म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भिंगाखाली छोटा अंतर्वक्र आरसा सरकवायचा. त्याच्या मधल्या भोकातून इलेक्ट्रॉन खाली जातात आणि आरशावरून लेझर त्याच बिंदूवर येतो. यात नमुना हलत नाही, पण आरसा क्ष-किरणांच्या वाटेत येतो आणि प्रकाश गोळा करण्यात तडजोड होते. दुसरी तऱ्हा म्हणजे त्याच निर्वात कक्षात बाजूला चांगल्या प्रतीचं प्रकाशीय भिंग बसवायचं आणि नमुन्याचा मंच मोजून तितकाच सरकवायचा. इथे मंचाच्या अचूकतेवर सगळी भिस्त. गेल्या दहा-बारा वर्षांत बाजारात दिसतात त्यांत या दुसऱ्या घडणीची यंत्रं पुष्कळ आहेत. इलेक्ट्रॉनच्या करड्या चित्रावर रामनचा रंगीत नकाशा पसरलेला असतो: इथे स्फटिक, इथे काच, इथे पायरॉक्सीन नावाचं दुसरं खनिज.

आधी कोणता किरण टाकायचा, यावर प्रयोगशाळांत खरोखर भांडणं होतात. इलेक्ट्रॉनचा झोत काचेतल्या सोडियमला जागचं हलवतो. झोत एका बिंदूवर रोखून धरला तर सोडियमचं मोजमाप बघता बघता उतरतं आणि टक्केवारी खोटी निघते. म्हणून झोत मुद्दाम पसरट करतात, प्रवाह कमी ठेवतात आणि सोडियम पहिल्यांदा मोजून घेतात. शिवाय कक्षात राहिलेले तेलकट वायू झोताखाली पृष्ठभागावर काजळीसारखे बसतात. मग त्यावर लेझर धरला की फेल्डस्पारऐवजी काजळीच बोलू लागते. दगड वीज वाहत नाही म्हणून त्यावर कार्बनचा पातळ थर द्यावा लागतो, तोही लेझरचं तेज खातो आणि १३५० ते १६०० च्या दरम्यान स्वतःच्या रुंद रेषा घुसडतो. उलट बाजूने लेझरही साळसूद नाही. काळ्या, लोहयुक्त कणावर त्याची शक्ती वाढवली तर कण तापून त्याचं दुसरंच खनिज होतं. तेव्हा सर्वसाधारण शहाणपण असं: आधी लेझर, तोही मंद. मग थर. मग इलेक्ट्रॉन. कमी निर्वातात चालणारा सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर थराची कटकटच टळते.

या काळजीतून लोणारबद्दल काय हाती आलं? २०१५ साली स्टीव्हन जॅरेट आणि सहकाऱ्यांनी लोणारचं धडक खाल्लेलं लॅब्रॅडोराइट घेऊन त्यावर सूक्ष्म-रामन, अवरक्त वर्णपट, क्ष-किरणांचं विकिरण आणि चुंबकीय अनुस्पंदन अशा चाचण्या लावल्या. मॅस्केलिनाइटची अंतर्रचना स्फटिकापेक्षा वितळलेल्या काचेला जास्त जवळची निघाली. पण पुरती तशी नाही. लाव्हा गोठताना स्फटिकाच्या मधोमध आणि कडेला घटकांचं जे प्रमाण बदलत गेलं होतं, ते पट्टे जागच्या जागी होते. द्रव झाला असता तर ते पुसले जाण्याची वाट खुली झाली असती. आणि अवरक्त प्रकाशात कण फिरवला की वर्णपट थोडा बदलत होता. साध्या प्रकाशाला जो सगळीकडून सारखा दिसतो, त्याला आपल्या जुन्या स्फटिकाची दिशा अजून थोडी आठवते आहे. निष्कर्ष असा की तो घनरूपातच मोडला, वितळलाच नाही. घटकांचे पट्टे आणि बंधांची कंपनं हे दोन्ही पुरावे एकत्र ठेवले म्हणून हे म्हणता आलं. एकट्या हजेरीपटावर ते निघालं नसतं.

आता हीच जोडी घेऊन दर्यापूरच्या मातीकडे वळलं तर लेझरची फजिती होते. चिकणमातीतले सेंद्रिय अंश लेझर पडताच स्वतःच चमकू लागतात आणि त्या उजेडात रामनची क्षीण खूण बुडून जाते. हिरव्याऐवजी अवरक्त लेझर वापरला तर चमक कमी होते, पण रामन विकिरणाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते. ५३२ नॅनोमीटरवरून १०६४ वर गेलात की ती सोळा पटींनी उतरली. तेव्हा स्मेक्टाइटसाठी इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण हेच खरे. अपवाद चुनखडीच्या खड्यांचा. त्यातल्या कॅल्साइटची रामन रेषा १०८६ ला इतकी ठसठशीत येते की थोडी चमक तिला बुडवू शकत नाही. कॅल्साइट आणि अॅरगोनाइट यांची मूलद्रव्यं अगदी एक, हजेरीपट पुन्हा हतबल. पण लहान आकड्यांकडच्या रेषांत फरक पडतो: कॅल्साइटची २८० च्या जवळ, अॅरगोनाइटची २०६ च्या जवळ. इलेक्ट्रॉनचाही इथे एक प्रकाशाचा डाव आहे. झोत पडला की काही खनिजं स्वतः उजळतात. मँगॅनीजचा अंश असलेलं कॅल्साइट नारिंगी उजळतं, आणि खडा थराथराने कसा वाढत गेला ते त्या नारिंगी वलयांवरून वाचता येतं. लेझर न लावता केलेलं हे प्रकाशवाचनच.

लोणारच्या वयाचा वादही एका अर्थी प्रकाशाचा आहे. काचेचे कण तापवून त्यातून निघणारा उजेड मोजला तेव्हा १९९७ मध्ये वय ५२ हजार वर्षांच्या आसपास आलं. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास काढलं गेलं. दहा पटींचा फरक! आज भूवैज्ञानिकांचा कल आर्गॉनकडे जास्त आहे.

लेझर आणि इलेक्ट्रॉन यांचं याहून धाडसी लग्न पारगामी सूक्ष्मदर्शकात लागलं आहे. तिथे लेझरचा अतिसूक्ष्म काळाचा ठोका नमुन्याला हलवतो आणि दुसऱ्या ठोक्याने उडवलेले इलेक्ट्रॉन त्या हालचालीचं चित्र घेतात. रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने २००९ साली तर प्रकाशाच्या क्षेत्रातून जाणारा इलेक्ट्रॉन फोटॉनच्या पटीत ऊर्जा घेतो-देतो, हे वापरून प्रकाशाचंच चित्र काढलं. मोठी गोष्ट आहे, पण तिला वेगळं प्रकरण हवं. आपला दगड अजून तिथवर गेलेला नाही.

दगड गेला आहे तो दुसऱ्या दिशेने. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्टचा आणि विवरांनी भरलेला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर हिरव्या लेझरचं रामन यंत्र आहे, ते काही मीटरवरून खडकाचा वर्णपट घेतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मात्र मंगळावर अजून गेलेला नाही. तिथे लेझरला इलेक्ट्रॉनच्या झोताविनाच बोलावं लागतं. त्याचं म्हणणं पारखायचं तर दोन्ही किरणांखाली तपासलेला, बेसॉल्टवरच्या धडकेचा नमुना पृथ्वीवर हवा, आणि बेसॉल्टमधली विवरं पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तिथे जाल तेव्हा चमकणारा काळा खडा दिसला तर बघा, फोटो काढा, पण खिशात घालू नका. कुठून उचलला हे ज्याचं सांगता येत नाही, त्या खड्यावर जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत ना लेझर लावता येतो उपयोगाचा, ना इलेक्ट्रॉन.